पहिल्या नंबरची नळी

मरोदा, भिलाई
९ नोव्हेंबर २०२४

हेमराज,

वर ‘चिरंजीव’ लिहलं होतं, मंग खोडलं. आशीर्वाद बी लिहिणार होती, पण हात चालला नाही. तुही मोठी बहीण, तुही बाई, तुले कागद लिहून राहिली, एवढंच समज.

फोन कावून नाही करत, म्हणशील. तीन दिवसात सात वेळा केला. तू उचलत नाही, आन् उचलला तं “बाई, आवाज तुटून राहिला” म्हणून कट करतो. लिहलेलं कट करता येत नाही. दुसरं असं का, दोन खोल्यायचं क्वार्टर आहे. पलंगावर हे पडले राहतात. फोनवर बोललेला माहा शब्द न् शब्द त्यायले ऐकू जाते.

गुंजननं सांगितलं मले. तिच्यावर ओरडू नको. तुही बायको मले धीर द्यायले बोलत होती. म्हणे, “बाई, नशिबात होतं ते झालं. पण मी तवाच यायले म्हटलं होतं, का भाऊजीची नळी तुम्ही भरू नका, हे काय ड्यूटी बदलून घ्यायचं काम आहे का?” मी म्हटलं, “कोणती नळी?”   तं म्हणे, “बाई, गॅसवर दूध आहे,” आन् फोन ठेवला.

तिचं दूध उतू गेलं का नाही, मले माहीत नाही. माहं डोकं तवापासून उकळून राहिलं.

गेल्या रविवारी भाऊबीज झाली. तू पाटावर बसला, मी तुले ओवाळलं. बाजूच्या पलंगावर हे होते, पोटावर पिशवी लावलेली. तू त्यायच्याकडे पाहतच नव्हता. मले वाटलं, पोराले पाहावत नाही. कौतुक वाटलं मले तुहं, हेमराज! तू दोन करंज्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. ती करंजी उतरली कशी रे तुह्या गळ्याखाली?

तुले आठवत नसंल तं मी आठवण देते. संक्रांतीच्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये कॅम्प लागला होता. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. सुई नाही, दुखणं नाही. एक लहान नळी, तिच्या झाकणाले काडी. घरी आपल्याच शौचाले ती काडी दोन-चार जागी टोचायची, नळीत खुपसायची, झाकण लावून आणून द्यायची. डोळ्याले न दिसणारं रक्त असंल तं त्यात समजते. रक्त निघालं तं पुढे दुर्बिणीची तपासणी. पन्नाशीच्या वरच्या सगळ्यायनं दर साली करायची. वाटप माह्याकडे होतं.

सदतीस घरं फिरली मी. काय काय ऐकलं, ते माह्या जिवाले माहीत! “आमाले काही होत नाही, मंग कावून तपासायचं?” कोणी म्हणे, “निघालं तं? त्याच्यापेक्षा माहीत नसलेलं बरं.” एक रिटायर फोरमन मले विचारतो, “दुर्गाबाई, नळी उघडणारा माणूस आहे का बाई?” एका बाईनं नाकाले पदरच लावला. मी म्हटलं, “पोरायचे लंगोट काय यंत्रानं धुतले होते का?” हसवून, रागावून, दहादा दारावर जाऊन मी त्या नळ्या भरून घेतल्या.

आन् पहिली नळी कोणाची? माह्या घरची. यायचं नाव मी तोंडानं घेत नाही, तुले माहीत आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली, उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. पण त्या नळीवर मी माह्या हातानं लिहलं, दौलतराव. नंबर एक. दुसऱ्या नंबरले मी. तुही चौथी का पाचवी, तवा तू अजून रिटायर होऊन तुमसरले गेला नव्हता. “पाहा, आमच्या घरापासून सुरुवात आहे,” असं मी हॉलमध्ये सगळ्यायले सांगितलं होतं.

महिन्याभरानं तपासणीचा कागद आला. यायचा साफ. मी पेढे वाटले.

त्या कागदानं आमचा घात केला. उन्हाळ्यात हे बारीक व्हायले लागले. मी विचारलं का म्हणायचे, “कागद साफ आहे न?” मूळव्याध आहे म्हणून सुपेल्याच्या बाजारातून पुड्या आणून खायचे. मी बी शेजारणीले सांगायची, “नाही वो, यायचा कागद साफ आहे.” सात महिने आमी दोघं त्या कागदावर टेकून बसलो. सप्टेंबरात सुपेल्याच्या चौकात हे चक्कर येऊन पडले, तवा समजलं. डॉक्टर म्हणाले, सालभर पहिले आले असते तं गोष्ट वेगळी होती. मी तोच कागद डॉक्टरच्या टेबलावर आपटला. म्हटलं, “आले होते न! हे काय आहे?” ते म्हणाले, “कधी कधी चुकते तपासणी.”

तपासणी चुकली नव्हती, हेमराज. तिनं बरोबर सांगितलं होतं. तुहं पोट साफ आहे, असं तिनं दोनदा सांगितलं.

खोटं असंल तं लिहून पाठव का खोटं आहे. गुंजनचा गैरसमज झाला म्हण. मी मानून घेईन.

दुर्गा


१७ नोव्हेंबर

हेमराज,

तुहा मेसेज आला. आठ दिवसानं तीन ओळी. “बाई, भाऊजीनं शपथ घातली होती. जावयाले नाही कसं म्हणू. माफ कर.”

शपथ कोणाची घातली होती? ते तू लिहलं नाही. मी यायले विचारलं. माही घातली होती. माह्या नावाची शपथ घेऊन तुम्ही दोघायनं मलेच फसवलं! वा रे माह्या घरचे माणसं!

जावयाले नाही म्हणायची आपल्या घरात रीत नाही, हे मले नको शिकवू. पंगतीत पहिलं ताट त्यायचं, बाजेवर जागा त्यायची, त्यायनं म्हटलं का बैल विका तं बाबानं बैल विकला. मी पाहिलं आहे सगळं. आन् तुह्यावर तं त्यायचे उपकार. यायनंच तुले भिलाईले आणलं, मिलमध्ये लावलं. तीस वर्षं तुम्ही एकमेकाच्या ड्यूट्या केल्या. माहा अभिनव झाला तवा तू यायची नाइट करून, वरून आपली मॉर्निंग केली होती. सोळा घंटे उभा होता आन् मंग झबलं घेऊन आला होता. ते मी विसरली नाही. पण ड्यूटीवर कोण उभं आहे, ते लोखंडाले समजत नाही. पोटातल्या गाठीले समजते, बापा.

यायले मी कसं विचारलं, ते सांगते. सकाळी पिशवी बदलून राहिली होती. तुले माहीत नसंल, पाहायची तुही हिंमत नाही झाली, म्हणून लिहते. शौचाची जागा आता पोटावर आहे. पिशवी भरते. ती मी काढते, कोमट पाण्यानं जागा पुसते, नवी लावते. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. जे काडीभर घेऊन नळीत टाकायले यायले लाज वाटली, ते आता मी रोज हातानं साफ करते. मी यायले हेच म्हटलं. म्हटलं, “कावून केलं असं?”

यायनं चादर पोटावर ओढून घेतली. मंग म्हणाले, “दुर्गे, मले माहीत होतं.”

मी म्हटलं, “काय माहीत होतं?”

“मागच्या सालच्या गणपतीपासून रक्त दिसून राहिलं होतं. माहीत होतं म्हणून तं भरली नाही. माहीत नसतं तं भरली असती.”

हेमराज, मी सदतीस घरी जाऊन लोकायले समजावलं, का भिऊ नका. आन् सगळ्यात भेलेला माणूस माह्या बाजूले झोपत होता. मले पत्ता नाही. मी स्वतःले हुशार समजत होती.

वरून म्हणाले, “तू हॉलमध्ये डबा घेऊन बसणार. बाजूले सिंधुताई, तिच्या बाजूले आणखी चार बाया. माहं नाव पहिल्या नंबरले. त्यातून रक्त निघालं असतं तं माह्या पहिले अख्ख्या मरोद्याले समजलं असतं. तू विचारलं होतं का मले, पहिला नंबर लावू का म्हणून?”

नव्हतं विचारलं. हे खरं आहे. मले पहिला नंबर पाहिजे होता.

पण त्याच्यासाठी एवढी सजा? मले सांगायचं होतं. रागावायचं होतं माह्यावर, भांडायचं होतं. नळी फेकून दिली असती तरी चाललं असतं, मी दुसरी आणली असती. नाही भरली तं नाही भरली, घरात संशय तरी राहिला असता, मी नजर ठेवली असती. तुम्ही संशयच मारून टाकला. तुहं साफ पोट माह्या घरात आणून ठेवलं आन् मी त्याची पूजा केली.

हे रडले. मी नाही रडली. त्यायले पाणी दिलं आन् बाहेर जाऊन कपडे वाळू घातले.

माफीचं आता विचारू नको.

दुर्गा


२५ नोव्हेंबर

हेमराज,

आता मी रागासाठी नाही लिहून राहिली. काम आहे, आन् ते काम तुह्याशिवाय होत नाही.

सिंधुताई तुले माहीत आहे. मागच्या लाइनमधली, मंडळात माह्या बाजूले बसणारी, हसली का दोन घरं पलीकडे ऐकू जाते ती. ऑगस्टात दुसऱ्यांदा कॅम्प लागला होता. यायनं म्हटलं, “माहं साल भरलं नाही अजून,” मी मानलं. पण सिंधुताईनं नळी दिली आन् तिच्यात रक्त निघालं. तिले दुर्बिणीची तारीख भेटली, ऑक्टोबरची. ती भेली होती. रोज माह्या दारात यायची. “दुर्गा, जाऊ का नको?” मी म्हणायची, “जा वो, काही नाही होत, मी येते संगं.”

तेवढ्यात यायचं समजलं. ऑपरेशन झालं त्या आठवड्यात सिंधुताई दवाखान्यात भेटायले आली. मी व्हरांड्यात बसली होती. ती माह्या पाठीवरून हात फिरवत होती. आन् मी तिले काय म्हटलं असंल? म्हटलं, “फेकून दे तो कागद. खोटी आहे ती नळी. माह्या माणसाले साफ म्हणाली, पाहा काय निघालं. तुले रक्त म्हणते, तुह्या पोटात काहीच नसंल.”

तिले तेच ऐकायचं होतं. घरी जाऊन तिनं तारखेचा कागद फाडला. तिची सून मोनाली मले सांगत होती, सासू त्या दिवशी दोन महिन्यानं पोटभर जेवली.

आता दीड महिना झाला. मोनाली परवा आली, म्हणे, “काकी, सासूबाईले पोटात मुरडा येऊन राहिला, सांगत नाही कोणाले. मले चादर धुताना समजलं.” मोनालीले माहीत नाही का हे कोणाचं काम आहे. माहं काम आहे, हेमराज. तुम्ही दोघायनं मले खोटं दिलं आन् मी ते पुढच्या घरी नेऊन दिलं.

मी गेली सिंधुताईकडे. सगळं सांगितलं. नळी खोटी नव्हती, माहा भाऊ खोटा होता, असं सांगितलं.  मंग म्हणे, “दुर्गा, तवा म्हणत होती खोटी आहे, आता म्हणते खरी आहे. मी कोणतं धरू?” मी म्हटलं, “आताचं धर.” तं म्हणे, “मले दवाखान्यात पाठवायसाठी तू सख्ख्या भावाले बट्टा लावून राहिली. असं कोणता भाऊ करते का बहिणीसंगं? हेमराज तं देवमाणूस आहे.”

ऐकलं? देवमाणूस!

मंग म्हणाली, “तो येऊन सांगंल आपल्या तोंडानं, तं मी जाईन.”

येत्या रविवारी, एक तारखेले, मंडळाची बैठक आहे. सकाळी अकरा वाजता. तुमसरवरून सकाळच्या गाडीनं निघाला तं दहापर्यंत दुर्ग स्टेशनले उतरतो. सगळ्यायसमोर सांगायचं नसंल तं नको सांगू. सिंधुताईले बाजूले घेऊन सांगजो. दोन वाक्य आहेत. “मी माह्या भाऊजीची नळी भरली होती. तपासणीचा दोष नाही.” झालं. चहा बी पाजीन मी तुले.

हे म्हणतात, नको सांगू. परवापासून मागे लागले आहेत. “दुर्गे, एवढं तं झाकून ठेव. लोक पिशवी पाहायच्या बहाण्यानं येतीन, आन् बाहेर जाऊन हसतीन.” मी काय करू? एकीकडे यायची लाज, दुसरीकडे त्या बाईचा जीव. दोन दिवस मी हेच दळून राहिली.

तू ये. मी तुह्याकडे आजपर्यंत काही मागितलं नाही. माय गेली तवा मी चौदाची होती, तू दहाचा. तुही वेणीफणी सोडून सगळं केलं मी. त्याची भरपाई नाही मागत. दोन वाक्य मागते.

तुही बाई


२ डिसेंबर

हेमराज,

तू आला नाही.

मी सकाळी पोहे जास्तीचे भिजवले होते. साडेदहाले अंगणात उभी. पावणेअकराले तुहा मेसेज, “बाई, ताप आला आहे.” गुंजनले फोन केला तं ती म्हणे, “शेतावर गेले आहेत.” तुले आन् तुह्या बायकोले एकसारखं खोटं बी बोलता येत नाही.

मी गेली. निघताना यायले म्हटलं, “मी सांगणार आहे.” यायनं तोंड फिरवून घेतलं.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती, बाया-माणसं मिळून. सहलीचं बोलणं चाललं होतं. मी उभी राहिली.  म्हटलं, “मले सांगायचं आहे. जानेवारीत पहिल्या नंबरची नळी होती, ती...” आन् अडकली. कोणाची म्हणू? ‘यायची’ म्हटलं तं लोकायले वाटंल, लपवून राहिली. मंग मी नाव घेतलं. “दौलतराव यायची नळी होती.” उखाणा नाही, काही नाही, कोरडं नाव. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं, आन् घेतलं ते त्यायची लाज उघडी टाकायले. म्हातारीकोतारी बाया चमकल्या. मी पुढे बोलत गेली. “ती नळी त्यायनं भरली नाही. माह्या भावानं, हेमराजनं, आपली भरून त्यायच्या नावावर दिली. म्हणून कागद साफ आला. तपासणी खोटी नव्हती. मी सगळ्यायले खोटी म्हणून सांगितलं, ती चूक माही आहे.”

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. फोरमन होता का कोण, मी पाहिलं नाही.  

सिंधुताई उठली. मले वाटलं, आता येईन, गळ्यात पडंन. ती जागेवरूनच म्हणाली, “आन् तुही नळी, दुर्गा? दुसऱ्या नंबरची? ती कोणी भरली होती?”

मी म्हटलं, “मीच.” पटकन म्हटलं. तिनं मान हलवली आन् बसली. विश्वास बसला नाही तिचा, मले दिसलं. बैठक संपली, मी घरी आली.

आता जे लिहते, ते तुले कावून लिहून राहिली, माहीत नाही. कदाचित तू बी तसाच आहे म्हणून. तुह्यासमोर लाज वाटत नाही आता.

मी नळी दिलीच नव्हती, हेमराज.

दुसऱ्या नंबरसमोर रजिस्टरात मीच बरोबरची खूण केली. रजिस्टर माह्याकडेच होतं, कोण पाहते? माह्या कागदाचं कोणी विचारलं नाही. माही नळी लोखंडी कपाटात आहे, पैठणीच्या खाली. ऑगस्टवाली बी तिथंच आहे. दोन झाल्या. पहिल्या कागदात मी तुले ऐटीत लिहलं, का दुसऱ्या नंबरले मी. वाचून तू हसला नसशील, तुले माहीतच नव्हतं. कोणालेच माहीत नव्हतं.

माय कशी गेली, तुले आठवत नाही. तुले मामाकडे पाठवलं होतं. मी होती घरी. पोटानंच गेली ती. काय होतं, ते कोणी सांगितलं नाही, तवा सांगतच नव्हते. मी तिच्याखालच्या चिंध्या बदलायची, आन् रात्रंदिवस ती एकच म्हणायची, “पोरी, दार लाव, कोणी पाहीन.” ते माह्या कानात आहे अजून. नळी हातात घेतली का मले मायच दिसते. दोनदा घेतली हातात, दोनदा ठेवून दिली. लोकायच्या दारात जाऊन मी एवढी मोठ्यानं बोलायची न, ते आपल्यालेच ऐकू येऊ नये म्हणून.

तर पाहा. यायनं तुही नळी दिली, मी नुसती खूण दिली. तुम्ही मले फसवलं म्हणून मी महिनाभर जळून राहिली, आन् मी तीस माणसायले काल बी फसवून आली. पण ऐक, त्यानं तुहं पाप कमी होत नाही. माहं वेगळं, तुहं वेगळं. तू म्हणशील, बाई बी तशीच निघाली, म्हणजे बरोबरी झाली. बरोबरी नाही झाली. मी माहाच जीव टांगून ठेवला. तू दुसऱ्याचा ठेवला, आन् मंग तिसरी करंजी मागितली.

आता कागद संपला. उद्या सकाळी मले एका घरी जायचं आहे.

दुर्गा


११ डिसेंबर

हेमराज,

हा शेवटचा. याच्या नंतर लिहायचं असंल तं तू लिहजो.

त्या दिवशी सकाळी मी कपाटातून दोन्ही नळ्या काढल्या आन् सिंधुताईच्या घरी गेली. ती भाजी निवडत होती. तिच्या परातीशेजारी मी नळ्या ठेवल्या. दोन्ही कोऱ्या, जानेवारीची आन् ऑगस्टची. म्हटलं, “परवा मी खोटं बोलली. हे पाहा.”

तिनं एक नळी उचलली, उजेडात धरली, उलटी-सुलटी केली. मंग हसायले लागली. तिचं ते हसणं. हसता हसता डोळ्यातून पाणी, आन् मले म्हणते, “अवो माय, तू बी? सगळ्या गावाले शिकवणारी तू बी?” मी म्हटलं, “मी बी.” ती म्हणाली, “मले वाटत होतं, मी एकटीच भित्री आहे.” मंग आमी दोघी त्या मेथीत रडलो. मोनाली आतून धावत आली, तिले वाटलं सासूले काही झालं.

भावानं सांगितलं तं जाईन, असं ती म्हणत होती न? भावाची गरज पडली नाही. भ्यालेल्या बाईले दुसरी भ्यालेली बाई पाहिजे होती. हे मले सदतीस घरं फिरून बी समजलं नव्हतं.

परवा तिची दुर्बीण झाली. मी संगं होती. एक गाठ निघाली, बोराएवढी. दुर्बिणीतूनच कापली. तपासायले पाठवली आहे, आठ दिवसानं समजंन. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आल्या. जिच्यामुळे दीड महिना उशीर झाला, ती मी बाजूलेच उभी होती.  सिंधुताईनं माहा हात दाबला.

यायचा केमोचा तिसरा डोस गेल्या आठवड्यात झाला. तोंडाले चव नाही. मंडळातले दोघं-तिघं येऊन गेले, पिशवी पाहायले कोणी मागितली नाही. फोरमन बी आला. बाहेर गेल्यावर हळूच मले विचारलं, “दुर्गाबाई, आता कॅम्प कधी आहे?” आतून हे ऐकत होते. थोडं हसले का काय, मले वाटलं. मी विचारलं नाही. माहा राग अजून आहे तिथंच आहे. जेवण वाढते, पिशवी बदलते, दवाखान्यात नेते, पण झोपताना मी पाठ करून झोपते. त्यायले बी माहीत आहे.

तुह्यावर किती आहे, ते मोजू नको. पुढच्या भाऊबीजेले पाट टाकीन का नाही, ते बी आज विचारू नको. सिंधुताईले अजून वाटते, का तू येशील एखाद्या दिवशी. मले नाही वाटत. आन् मायचं सांगितलं आहे तुले आता. म्हणून दर साली तपासजो. तुहं पोट एका सालात दोनदा साफ निघालं, त्याच्यावर टेकून बसू नको. आमी बसलो होतो.

मंडळातून नवी नळी आणली. जुन्यायची तारीख गेली होती. आज सकाळी भरली. कसं केलं, ते माहं मले माहीत. मायचा आवाज आलाच. दार लाव म्हणाली, मी लावलं, आन् भरली. मंग हात धुऊन बाहेर आली, नाव लिहायले पेन उघडला आन् खाली ठेवला. यायनं पलंगावरून हात पुढे केला. म्हणाले, “इकडे दे.” तीन डोसायनं त्यायची बोटं सुन्न झाली आहेत, तरी पेन धरला. किती वेळ लागला एवढ्याशा नावाले! हे मले दुर्गे म्हणतात, लिहलं मात्र पूर्ण. दुर्गाबाई दौलतराव.

आता घेऊन निघते. नळीवरचं अक्षर यायचं आहे. आत जे आहे, ते माहंच आहे.

दुर्गा